दुसऱ्याची थकबाकी, माझं नाव

२०२४ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमधल्या आमच्या काउन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, एक पत्र आलं. नाव माझं, पत्ता माझा, आणि काउन्सिल टॅक्सची, म्हणजे इथल्या घरपट्टीची, थकबाकी मात्र अशा एका फ्लॅटची जिथे मी कधी राहिलेच नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाची ती वस्ती मी कधी बसमधूनसुद्धा पाहिली नव्हती. रक्कम हजार पौंडांच्या वर. डोक्यावर ठळक अक्षरांत 'अंतिम सूचना' आणि खाली, सात दिवसांत पैसे भरले नाहीत तर न्यायालयात जाऊ, अशी ओळ.

काउन्सिलचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. या प्रकरणात माझ्याखेरीज आणखी एक बाई आहे. तिला याबद्दल काही कळलंय की नाही हेही मला ठाऊक नाही, आणि माझ्या लिहिण्यातून कुणी तिच्यापर्यंत पोचावं असं मला वाटत नाही. पण ज्या वाटेने मी गेले ती ब्रिटनमध्ये राहणाऱ्या बऱ्याच मराठी घरांना कधीतरी लागणार आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडे घरपट्टी घराच्या मालकाच्या नावावर निघते. इथे काउन्सिल टॅक्स, थोडे अपवाद सोडले तर, राहणाऱ्याने भरायचा, म्हणजे भाडेकरूनेच. इंग्लंडमध्ये घरांचे ए पासून एच पर्यंत आठ गट आहेत, आणि घर कुठल्या गटात पडेल ते १ एप्रिल १९९१ ला त्याची काय किंमत आली असती यावर ठरतं. गेल्या वर्षी बांधलेल्या घराचीसुद्धा १९९१ ची किंमत अंदाजाने काढतात. १९९३ मध्ये पोल टॅक्स, म्हणजे माणशी लावलेला कर, जाऊन हा कर आला, तेव्हापासून इंग्लंडमध्ये एकदाही नव्याने मूल्यांकन झालेलं नाही, कारण केलं तर कुणाचा तरी कर वाढणार आणि ते कुठल्याच सरकारला नको आहे. त्याचा माझ्या प्रकरणाशी थेट संबंध नाही, पण इथली यंत्रणा किती जुन्या पायावर उभी आहे हे लक्षात यावं म्हणून सांगितलं.

संबंध आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. काउन्सिल टॅक्सचं बिल हा इथे पत्त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा. मुलाला शाळेत प्रवेश हवा, बँकेत खातं काढायचं, कायमच्या वास्तव्याच्या अर्जाला कागद जोडायचे, की पहिल्यांदा हेच बिल मागतात. नागरिकत्वाच्या अर्जात 'चांगली वर्तणूक' तपासतात, त्यातही थकलेल्या काउन्सिल टॅक्सचा विचार होतो. माझा अर्ज पुढच्या वर्षी करायचा होता. त्यामुळे 'चूक त्यांची आहे, बघतील ते' म्हणून पत्र बाजूला ठेवणं मला परवडणारं नव्हतं.

फोन लावला. बराच वेळ होल्डवर गेल्यावर एक बाई आल्या. आवाजात त्रासिकपणा अजिबात नव्हता. त्यांनी खाते क्रमांक विचारला, तो पत्रावर होता. मग नाव, तेही जुळलं. मग जन्मतारीख. मी सांगितली.

"सॉरी, ही तारीख खात्यावरच्या तारखेशी जुळत नाही. त्यामुळे या खात्याबद्दल मी तुमच्याशी बोलू शकत नाही."

"जुळणार नाहीच. ते खातं माझं नाही, हेच सांगायला फोन केलाय."

"ते मला पडताळता येत नाही, कारण तुम्ही सुरक्षा प्रश्नांची उत्तरं बरोबर दिलेली नाहीत."

मी पुन्हा समजावलं. पत्र माझ्या घरी आलंय, वर माझं नाव आहे, पैसे माझ्याकडे मागताय, पण ते कशाबद्दल हे मला सांगणार नाही. बाई म्हणाल्या, डेटा प्रोटेक्शनचा नियम आहे. खातेदाराची माहिती खातेदारालाच द्यायची.

नियम बरोबरच आहे. कुणीही फोन करून माझ्या खात्यातली माहिती काढावी असं मलाही चालणार नाही. पण तोच नियम इथे असा लागत होता की पैसे मागताना मी खातेदार, आणि विचारायला गेले की परकी. त्या बाईंचा दोष नव्हता; त्यांच्या पडद्यावर जे होतं त्यापलीकडे जायला त्यांना वाटच ठेवलेली नव्हती. 'हे खातं चुकीच्या माणसाला जोडलं गेलंय' अशी तक्रार घेण्यासाठी आधी त्या खात्याच्या खऱ्या खातेदाराची ओळख पटवावी लागत होती.

पुढचे काही आठवडे असेच गेले. ईमेलला आपोआप उत्तर यायचं. काउंटर पूर्वी टाउन हॉलमध्ये होता, तो आता लायब्ररीच्या एका कोपऱ्यात आला होता आणि आधी वेळ घेतल्याशिवाय कुणी भेटत नव्हतं. लायब्ररीतल्या माणसाने माझे कागद स्कॅन करून 'वर' पाठवले: भाडेकरार, घरमालकिणीचं पत्र, गॅसचं बिल, नोकरीच्या ठिकाणचं पत्र. वर म्हणजे कुठे, ते त्यालाही नक्की सांगता आलं नाही.

या काउन्सिलांची अवस्था काय आहे हे इथे राहणाऱ्यांना माहीत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅमच्या काउन्सिलने कलम ११४ ची नोटीस काढली, म्हणजे जमाखर्चाचा मेळ बसत नाही असं अधिकृतपणे मान्य केलं. नोव्हेंबरमध्ये नॉटिंगहॅमने काढली. बर्मिंगहॅममध्ये समान वेतनाचे दावे हे मोठं कारण होतं, पण नव्या संगणक प्रणालीवर अंदाजाच्या कितीतरी पट झालेला खर्चही होता. माझं काउन्सिल या दोहोंपैकी नाही, पण माणसं कमी आणि पडद्यावर विसंबणं जास्त, ही तऱ्हा सगळीकडे तीच. चूक दुरुस्त करायला डोकं चालवणारा माणूस लागतो, आणि पैसे वाचवताना पहिल्यांदा तोच कमी होतो.

"सिस्टममध्ये तसं दिसतंय" हे वाक्य मी त्या काळात इतक्यांदा ऐकलं की मला पोस्ट ऑफिसचं होरायझन प्रकरण सारखं आठवायचं. त्याच वर्षी मे महिन्यात संसदेने कायदा करून त्या शिक्षा रद्द केल्या होत्या. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक सबपोस्टमास्तर, म्हणजे वस्त्यांमधली छोटी पोस्ट ऑफिसं चालवणारे, होरायझन या सदोष हिशोब प्रणालीच्या आधारे दोषी ठरले. त्यांत भारतीय वंशाची कितीतरी माणसं होती. सरेमधल्या वेस्ट बायफ्लीट इथलं पोस्ट ऑफिस चालवणाऱ्या सीमा मिश्रा २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात गेल्या आणि त्यांचं निर्दोषत्व मान्य व्हायला २०२१ उजाडलं. संगणकाचा पुरावा देणाऱ्याने तो संगणक नीट चालत होता हे दाखवावं, अशी अट इथल्या कायद्यात पूर्वी होती. १९९९ च्या कायद्याने ती काढून टाकली. तेव्हापासून संगणक बरोबर, असं धरूनच चालतात. चुकीचा आहे हे ज्याच्यावर आळ आलाय त्याने दाखवायचं. माझं प्रकरण त्यापुढे फार लहान आहे आणि मी दोन्हींची बरोबरी करत नाही. पण फोनवर मला जे उत्तर मिळत होतं ते त्याच समजुतीतून येत होतं.

मग समन्स आलं. मॅजिस्ट्रेट कोर्टाची तारीख, आणि मूळ रकमेत समन्सचा खर्च वाढवलेला. न्यायालयाने लायेबिलिटी ऑर्डर, म्हणजे ही थकबाकी तुम्हीच देणं लागता असा आदेश, दिली की काउन्सिल पगारातून पैसे कापून घेऊ शकतं किंवा बेलिफकडे प्रकरण सोपवू शकतं. बेलिफकडे गेलं की २०१४ च्या नियमांप्रमाणे त्या वेळी पहिल्या पत्रालाच ७५ पौंड लागत, आणि दारात आला की आणखी २३५. काउन्सिल टॅक्ससाठी पहिल्या भेटीत त्याला दार फोडून आत शिरता येत नाही, हे मला नंतर समजलं. तेव्हा फक्त एवढंच डोक्यात होतं की मी रात्रपाळीला असेन, घरी सासूबाई आणि मुलगा असतील, आणि दार वाजेल.

त्या रविवारी साताऱ्याला बाबांशी बोलणं झालं. बाबांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फोन बंद कर आता. लेखी माग. तुझी फाइलच माग."

बाबांना यातलं कळतं. आमच्या सातबाऱ्यावर काही वर्षांपूर्वी भावकीतल्या सारख्याच नावाच्या माणसाच्या कर्जाचा बोजा चढला होता. तलाठ्याकडे, तहसीलला चकरा मारून काही झालं नाही. शेवटी त्यांनी दहा रुपयांचा स्टॅम्प लावून माहिती अधिकारात त्या फेरफार नोंदीची कागदपत्रं मागितली. नोंद कुणी, कशाच्या आधारावर घातली हे कागदावर आलं आणि मग दुरुस्ती झाली. महाराष्ट्राने २००२ मध्येच स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता, केंद्राचा २००५ मध्ये आला. त्यासाठी आझाद मैदानात बसलेल्या माणसांबद्दल बाबा आजही आदराने बोलतात. इथला माहितीचा कायदा २००० चा, अंमल १ जानेवारी २००५ पासून. पण तो सरकारी कारभाराची माहिती मागण्यासाठी. स्वतःबद्दलची माहिती मागायची तर वेगळा रस्ता आहे: सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट.

ही गोष्ट आपल्या फार कमी लोकांना माहीत आहे. डेटा प्रोटेक्शनच्या कायद्याप्रमाणे कुठलंही सरकारी कार्यालय, रुग्णालय, शाळा, बँक, नोकरीचं ठिकाण, कुणालाही तुम्ही विचारू शकता की माझ्याबद्दल तुमच्याकडे काय काय नोंदवलंय, ते कुठून आलं आणि पुढे कुणाकुणाला दिलं. फी नाही, २०१८ च्या आधी दहा पौंडांपर्यंत घेत असत. ठरावीक फॉर्मची सक्ती नाही. एका महिन्यात उत्तर द्यायचं. गुंतागुंतीचं प्रकरण असेल तर आणखी दोन महिने घेता येतात, पण तसं पहिल्या महिन्यातच कळवावं लागतं. प्रत्येक सरकारी संस्थेत एक डेटा प्रोटेक्शन ऑफिसर असावाच लागतो आणि त्याचा ईमेल संस्थेच्या प्रायव्हसी नोटिसमध्ये दिलेला असतो. मी तिथेच लिहिलं.

लिहायला मदत झाली ती सिटिझन्स ॲडव्हाइसच्या एका आजींची. ही संस्था १९३९ पासून आहे, सल्ला मोफत देते, आणि तिथे बसणारे पुष्कळ जण स्वयंसेवक असतात. आजींनी माझा दोन पानी मसुदा वाचला आणि अर्ध्याहून जास्त खोडला. राग, घरची परिस्थिती, मी किती वेळेवर कर भरते, सगळं काढलं. उरलं ते एवढंच: या क्रमांकाच्या खात्याशी माझं नाव कधी, कुणी, कुठल्या माहितीवरून जोडलं, त्याबद्दलच्या सगळ्या नोंदी, शेरे, आतले ईमेल, आणि माझी माहिती कुणाकुणाला दिली. न्यायालयासाठी त्यांनी वेगळी एक ओळ दिली: समन्समध्ये जिला बोलावलंय ती व्यक्ती मी नाही. म्हणाल्या, अशा सुनावणीत चालणारी कारणं मोजकीच असतात, हे त्यांत बसतं. परवडत नाही हे कारण तिथे चालत नाही.

पासपोर्टची प्रत मागितली तेव्हा त्यावर आडवं 'फक्त या विनंतीसाठी' आणि तारीख लिहून दिली. ही सवय सगळ्यांनी लावून घ्यावी. आपण पासपोर्टच्या प्रती किती सहज कुणालाही पाठवतो.

कोर्टाच्या दिवशी मी गेले. तिथे गेल्यावर कळलं की त्या सकाळी एकाच यादीत शेकडो नावं होती. न्यायालय एकेका माणसाचं ऐकणार असं माझ्या मनात होतं, पण जे आले नव्हते, आणि बहुतेक आलेच नव्हते, त्यांच्या ऑर्डरी एकत्रच निघणार होत्या. बाहेरच्या व्हरांड्यात काउन्सिलचा एक तरुण लॅपटॉप घेऊन बसला होता आणि आलेल्यांना एकेक करून बोलावत होता. एक म्हातारे गृहस्थ हप्ते बांधून घेत होते. एका बाईला इंग्रजी येत नव्हतं, तिची दहा-बारा वर्षांची मुलगी दुभाषाचं काम करत होती. माझी पाळी आली तेव्हा मी ती एक ओळ आणि डेटा प्रोटेक्शन ऑफिसरकडून आलेली पोच पुढे केली. त्याने पोच वाचली, पुन्हा वाचली आणि म्हणाला, "तुमचं आज पुढे ढकलतो." मी आले नसते तर त्या शेकड्यांत माझ्याही नावावर ऑर्डर निघाली असती. न आलेल्यांत माझ्यासारखं आणखी कोण होतं, हा विचार मला आजही सोडत नाही.

महिना भरत आला तेव्हा उत्तर आलं. पासवर्ड घातलेली मोठी फाइल. माझ्या खात्याची पानं, मग काळ्या पट्ट्यांखाली झाकलेल्या ओळी, आणि मग सगळा उलगडा करणारी एका ओळीची नोंद. आम्ही या घरात आलो तेव्हा मी ऑनलाइन नोंदणी केली होती. त्या फॉर्ममध्ये नाव आणि आडनाव एवढ्या दोनच चौकटी होत्या. माझ्या पासपोर्टवर वडिलांचं नावही आहे, ते घालायला जागा नव्हती; जन्मतारीख विचारलीच नव्हती. दुसऱ्या एका खात्यावर त्याच नावाची आणि त्याच आडनावाची बाई होती, जी थकबाकी ठेवून पत्ता न देता घर सोडून गेली होती. कुणीतरी शोध घेतला, माझी नवी नोंद सापडली, आणि शेरा मारला: 'नवा पत्ता मिळाला, खाती जोडली.' एवढ्यावरच सगळं.

माझं नाव आणि आडनाव दोन्ही महाराष्ट्रात गल्लोगल्ली सापडतील असं आहे. आपल्याकडे मधलं नाव म्हणूनच असतं. वर्गात एकाच नावाच्या तिघी असल्या तरी हजेरीत गोंधळ होत नाही. इथल्या फॉर्मने नेमका तोच तुकडा टाकून दिला. ब्रिटनमध्ये ओळखपत्र नाही. २००६ मध्ये कायदा झाला होता, २०१० मध्ये आलेल्या सरकारने तो रद्द केला आणि जमवलेली माहितीही नष्ट केली. खासगीपणाची चाड म्हणून मला तो निर्णय पटतो. पण मग माणूस ओळखायचा कसा, याचं नीट उत्तर कुणी दिलं नाही. प्रत्येक कार्यालय नाव, पत्ता, जमल्यास जन्मतारीख यांच्यावरून आपापला अंदाज बांधतं. ज्यांची नावं इथल्या चौकटीत बसत नाहीत त्यांच्या बाबतीत तो अंदाज जास्त चुकतो. मार्च २०२४ मध्ये बातमी आली होती की गृहखात्याच्या स्थलांतरितांच्या माहितीसाठ्यात ७६,००० हून अधिक लोकांच्या नोंदींत नाव, फोटो किंवा दर्जा यांची सरमिसळ झाली आहे. ती वाचताना मला ते आपल्यापासून लांबचं वाटलं होतं.

फाइल पुढे वाचत गेले आणि हात थांबला. काळ्या पट्ट्या नीट मारलेल्या नव्हत्या. त्या दुसऱ्या बाईची जन्मतारीख, मोबाइल क्रमांक, तिला कुठली सरकारी मदत मिळत होती ते, आणि घर का सोडलं याबद्दल तिने स्वतः लिहिलेला ईमेल, सगळं माझ्यासमोर होतं. त्या ईमेलमध्ये काय होतं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. इतकंच सांगते की ती कर बुडवायला पळाली नव्हती.

मला माझ्यावरचा आळ घालवायचा होता आणि त्यासाठी लागणारा पुरावा तिच्या दुःखाच्या कागदांतच मिसळून आला होता. मनात हेही आलं की माझी माहिती अशीच कुणाकडे गेली असेल. ती माझ्या पत्त्यावर राहते असं मानून माझी कुठली कागदपत्रं तिला पाठवली का? पैसे मागणारी पत्रं माझ्या घरी येत होती, म्हणजे ज्या माणसापासून ती लांब गेली होती त्याने काउन्सिलकडे चौकशी केली असती तर माझा पत्ता तिचा म्हणून दिला गेला असता का?

मी त्याच दिवशी ऑफिसरला लिहिलं. अशी गळती कळली की, लोकांना धोका संभवत असेल तर, संस्थेने ७२ तासांत डेटा प्रोटेक्शनच्या कायद्यावर देखरेख करणाऱ्या इन्फर्मेशन कमिशनरच्या कार्यालयाला कळवायचं असतं. आणि धोका मोठा असेल तर ज्याची माहिती गेली त्या माणसालाही, उशीर न लावता. उत्तर या वेळी भराभर आलं. फाइल पुसून टाका आणि पुसली असं लेखी द्या. मी त्यांना सांगितलं की माझ्याशी संबंधित पानं नीट झाकून पुन्हा पाठवा, ती हातात आली की पहिली फाइल पुसते आणि तसं लिहून देते. तोपर्यंत ती उघडणार नाही. झालंही तसंच. ऑफिसरचं वागणं या सगळ्यात सरळ होतं. चूक झाली असं त्यांनी स्पष्ट शब्दांत लिहिलं. सगळ्या प्रकरणात 'चूक झाली' हे दोन शब्द मला पहिल्यांदा तिथे दिसले.

त्याच काळात इथल्या निवडणूक आयोगाच्या माहितीचोरीच्या प्रकरणाचाही निकाल लागला. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणारा भारतीय नागरिक कॉमनवेल्थचा म्हणून मतदान करू शकतो, अगदी संसदेच्या निवडणुकीतही. इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी, २०२० मध्ये मी नाव नोंदवलं. मतदानाची हौस होतीच, पण मतदार यादीत नाव असलं की बँकांना पत्ता पटतो हेही कुणीतरी सांगितलं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये आयोगाच्या सर्व्हरमध्ये घुसखोर शिरले. ते कळलं ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि लोकांना सांगितलं ऑगस्ट २०२३ मध्ये. सुमारे ४ कोटी मतदारांची नावं आणि पत्ते त्यांच्या आवाक्यात होते. २०१४ ते २०२२ मध्ये नोंदलेल्या सगळ्यांचे, म्हणजे माझाही. सुरक्षेची दुरुस्ती काही महिने आधीच उपलब्ध होती, ती बसवलेली नव्हती. जुलै २०२४ मध्ये इन्फर्मेशन कमिशनरने आयोगाला लेखी ठपका दिला. दंड नाही. सरकारी संस्थांना दंड केला तर तो शेवटी लोकांच्याच पैशांतून जातो, म्हणून शक्यतो ठपकाच द्यायचा असं २०२२ पासूनचं धोरण आहे. यातला तर्क मला समजतो, पण न्याय दिसत नाही. मी सात दिवसांत पैसे भरले नाहीत तर मला न्यायालय, खर्च, बेलिफ. चार कोटी पत्ते उघडे पडले तर एक पत्र. सामान्य माणसाला आणि संस्थेला लागणारी शिस्त इतकी वेगळी असेल तर संस्थेला बदलायचं कारण काय?

नव्याने आलेली पानं जोडून मी दुरुस्तीचा अर्ज केला. चुकीची नोंद सुधारून घेण्याचा हक्क याच कायद्यात आहे, त्यालाही महिन्याची मुदत. आणि एक गोष्ट आजींनी पुन्हा पुन्हा बजावली होती: दुरुस्ती झाली की ती चुकीची माहिती ज्यांना ज्यांना दिली असेल त्या सगळ्यांना तसं कळवणं हे संस्थेचं काम आहे, ते अर्जात मागून घे. मी मागितलं. तेव्हा कळलं की वसुलीचं काम करणाऱ्या एका कंपनीकडे माझं नाव आणि पत्ता 'तयारी म्हणून' आधीच गेलेला होता, न्यायालयात काही ठरायच्या आधी. मी विचारलं नसतं तर काउन्सिलच्या फाइलमध्ये मी सुटले असते आणि त्या कंपनीच्या यादीत थकबाकीदार म्हणून राहिले असते.

समन्स मागे घेतलं गेलं. माफीचं पत्र आलं, सोबत झालेल्या त्रासाबद्दल थोडी रक्कम. काउन्सिलच्या तक्रारीच्या दोन्ही पायऱ्या चढल्यावरही समाधान झालं नाही तर काउन्सिलांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा ओम्बड्समन कॉव्हेंट्रीला आहे. त्यांच्याकडे मी गेले नाही, पण जाता येतं, आणि तेही फुकट. इन्फर्मेशन कमिशनर भरपाई देववू शकत नाही हे लक्षात ठेवावं. ते संस्थेने कायदा पाळला की नाही एवढंच बघतात. नागरिकत्वाच्या अर्जाला मी माफीच्या पत्राची प्रत जोडली. आवश्यक होती की नाही माहीत नाही, पण मन घट्ट राहिलं.

त्या दुसऱ्या बाईला तिची माहिती बाहेर गेल्याचं कळवलं का, हे मी विचारलं होतं. तिच्याबद्दल तुम्हाला काही सांगता येणार नाही, असं उत्तर आलं. ते योग्यच आहे आणि तरीही मला स्वस्थ बसवलं नाही. मी इन्फर्मेशन कमिशनरकडे तक्रार नोंदवली, माझ्यासाठी नाही, तिला कळावं म्हणून. नोंद घेतली आहे, संस्थेला सूचना दिल्या आहेत, असं कळवलं गेलं. यापुढचं मला कधी समजणार नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधान स्टार्मर यांनी डिजिटल ओळखपत्राची घोषणा केली. विरोधातल्या अर्जावर बघता बघता २५ लाखांहून जास्त सह्या झाल्या. ऑक्टोबरमध्ये ते मुंबईत आले तेव्हा आधारचं त्यांनी कौतुक केलं. आमच्या ओळखीच्या मराठी घरांत यावर दोन तट आहेत. एक क्रमांक असता तर तुझी भानगडच झाली नसती, असं मला पुष्कळ जण म्हणाले. कदाचित नसती झाली. पण गावाकडे आधारवर चुकीची जन्मतारीख पडून निराधार योजनेचे पैसे अडलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. आणि याच देशात २००७ मध्ये करखात्याने अडीच कोटी लोकांची माहिती, मुलांची नावं आणि बँक खाती धरून, दोन डिस्कवर घालून, कुठलीही नोंद न करता, अंतर्गत टपालाने पाठवली आणि ती हरवली, हेही मला माहीत आहे. माझा प्रश्न क्रमांक असावा की नसावा हा नाही. नोंद चुकली तर ती चुकली हे कुणी सिद्ध करायचं, आणि तोवर वसुली थांबणार की नाही, हे त्या घोषणेत मला कुठे सापडलं नाही. फोनवरच्या त्या बाईंना 'हे खातं वादात आहे' असं एक बटण जरी दाबता आलं असतं तर मला कोर्टाच्या व्हरांड्यात जावं लागलं नसतं. त्याला ना नवा क्रमांक लागतो ना नवा कायदा.

गेल्या महिन्यात आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात नांदेडचा एक विद्यार्थी भेटला. विद्यार्थ्यांच्या घराला काउन्सिल टॅक्स माफ असतो, पण त्याच्या युनिव्हर्सिटीचं पत्र काउन्सिलच्या दुसऱ्याच विभागात अडकलंय आणि त्याला अंतिम सूचना आली आहे. तो घाबरून मित्रांकडून पैसे गोळा करून भरायच्या बेतात होता. आम्ही तिथेच, जेवणाची ताटं बाजूला सारून, त्याच्या फोनवर ईमेल लिहिला. राग, घरची परिस्थिती काढून टाकली. डेटा प्रोटेक्शन ऑफिसरला एक, कर विभागाला एक, दोन्हींत तारीख आणि खाते क्रमांक. त्याची मुदत पुढच्या आठवड्यात भरते. उत्तर आलं नाही तर कोर्टाच्या तारखेला मी त्याच्याबरोबर जाणार आहे, रजा टाकून ठेवली आहे.